चौघांत खोली करून राहायचंय? आधी काय, नंतर काय

जून-जुलैत प्रवेशाची धांदल सुरू झाली की जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांतून खोल्या शोधणारी पोरं-पोरी दिसू लागतात. चोपडा, यावल, साक्री, शहाद्याहून सकाळच्या एसटीनं यायचं, दुपारपर्यंत तीन-चार घरं बघायची आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटच्या घराला हजार-दोन हजार टोकन देऊन मोकळं व्हायचं. भाडं कोण किती देणार, पाणी किती दिवसांनी येतं, करार कोणाच्या नावावर होणार, हे सगळं सामान टाकल्यावर निघतं. तोवर पैसे अडकलेले असतात.

माझ्याकडे दरवर्षी अशी पोरं येतात आणि अडचण जवळपास तीच असते, कामांचा क्रम उलटा झालेला असतो. म्हणून इथे क्रमच दिला आहे. आधी माणसं, मग घर, मग बोलणी, मग कागद, मग पैसे आणि सगळ्यात शेवटी सामान. मधली पायरी गाळू नका.

१. आधी माणसं ठरवा

एका गावचे आहोत, बारावीला एका बाकावर बसलो, एवढ्यानं सोबत राहणं जमेलच असं नाही. घर बघायला निघण्याआधी चौघांनी एकदा समोरासमोर बसा. फोनवर नको. आणि हे विचारून घ्या: दर महिन्याला नक्की किती देऊ शकतोस आणि कोणत्या तारखेला? शेतीवाल्या घरात पैसा कापूस-केळीच्या हिशेबानं येतो, दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नाही. हे आधी कळलं तर तोड निघते, नंतर कळलं की मनं खराब होतात. घरी स्वयंपाक करायचा की मेस लावायची? रात्री दोनपर्यंत जागणारा कोण आणि पहाटे पाचला उठणारा कोण? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझा अभ्यासक्रम किती वर्षांचा? शेवटच्या वर्षाचा मुलगा मे महिन्यात निघून जाणार, पहिल्या वर्षाचा तीन वर्षं राहणार. दोघांचा करारातला रस वेगळा असतो.

जे ठरेल ते वहीच्या पानावर लिहा, खाली चौघांच्या सह्या करा आणि फोटो काढून चौघांच्या फोनमध्ये ठेवा. मित्रामित्रांत कसली लिखापढी, असं वाटेल. पण भांडण होतं ते मित्रांतच, परक्याशी आपण मुळात सावधच असतो. या पानावर एवढं हवंच:

- भाड्याचा वाटा. खोल्या लहान-मोठ्या असतील तर सारखे चार भाग करू नका. आतल्या खोलीतले दोघं आणि हॉलमध्ये झोपणारे दोघं सारखेच पैसे देत असतील तर दोन महिन्यांत कुरबूर सुरू होते.
- मध्येच कोणी सोडलं तर किती दिवस आधी सांगायचं, नवा पार्टनर कोण शोधणार आणि तो मिळेपर्यंत वाटा कोण भरणार.
- अनामत कोणी किती दिली, रुपयांत.
- सुट्टीतलं भाडं. दिवाळीत पंधरा-वीस दिवस घर बंद राहिलं तरी भाडं चालूच असतं.
- पाहुणे. गावाकडचा भाऊ परीक्षेला आला तर दोन रात्री ठीक. पंधरा दिवस राहणार असेल तर वीज-पाण्यात त्याचा वाटा.

तपासा: चौघांपैकी एकजण "तुम्ही ठरवा, मला काहीही चालेल" म्हणत असेल तर थांबा. त्याला घरून पैसे मिळणार आहेत का, हेच बहुतेक पक्कं झालेलं नसतं.

२. भाग ठरवा

फार लांबड लावायची गरज नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगाव शहराबाहेर, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बांभोरीच्या बाजूला आहे. तिथे शिकणाऱ्यांनी पिंप्राळा, खोटेनगर या पश्चिमेकडच्या भागांत बघावं. धुळ्यात बरीच कॉलेजं पांझरा नदीपलीकडे देवपुरात आहेत, तर घरही तिकडेच. नदीच्या अलीकडे पाचशे रुपये स्वस्त मिळालं तरी रोजच्या रिक्षात ते जातात. महामार्ग ओलांडावा लागणार असेल तर तो कुठून ओलांडणार, हे संध्याकाळी सातला स्वतः चालून बघा. मुलींनी तर स्टॉपपासून दारापर्यंतचा रस्ता अंधार पडल्यावरच बघावा.

३. घर बघताना: पाणी, ऊन, वीज, मग बाकी

आपल्याकडे घर बघणारा आधी फरशी आणि रंग बघतो. खानदेशात पहिला प्रश्न पाण्याचा.

*पाणी.* जळगावात बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, धुळ्यातलं अंतर अनेकदा त्याहून मोठं असतं, आणि गल्ली बदलली की दिवस बदलतो. "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" या उत्तरावर थांबू नका. "जिभाऊ, शेवटचं पाणी कोणत्या दिवशी आलं होतं? किती वाजता? मोटार लावावी लागते का?" असं विचारा. मग शेजारच्या दारात जाऊन, "काकू, तुमच्याकडे नळ कधी येतात?" दोन उत्तरं जुळली पाहिजेत.

आता टाकी बघा. काटकसरीनं वापरलं तरी अंघोळ, कपडे, भांडी, संडास धरून माणशी सत्तर लिटर लागतं. चौघांचे दिवसाला २८० लिटर. पाणी तीन दिवसांनी येत असेल तर ८४० लिटर साठा हवा. वर ५०० लिटरची टाकी आणि ती मालकांसोबत सामायिक असेल तर हिशेब तिथेच बसत नाही. २०० लिटरचे दोन ड्रम ठेवायला न्हाणीघराजवळ जागा आहे का, तेही बघा. बोअर असेल तर ती मार्च-एप्रिलनंतर चालते का, हे शेजाऱ्यांना विचारा.

*ऊन.* इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण घर बघतो आपण जुलैत. पाऊस पडून गेलेला, हवा गार, वरच्या मजल्यावरची खोली मोकळी आणि हवेशीर वाटते. तीच खोली एप्रिल-मेमध्ये, पारा ४४-४५ वर गेला की भट्टी होते, आणि तेव्हाच तुमच्या परीक्षा असतात. जुलैत हे ओळखायचं कसं? उघडीप मिळेल त्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला जा. पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावा, मग पूर्वेकडच्या भिंतीला लावा. फरक हाताला कळतो. मग गच्चीवर जा. खोलीच्या बरोबर वर उघडा स्लॅब आहे की आणखी एक मजला? पत्र्याची खोली असेल तर भाडं कितीही कमी असो, मी तरी नाही म्हणेन.

कुलर कुठे बसणार हे घर बघतानाच ठरवा. खिडकीबाहेर बसवता आला तर उत्तम, कारण कुलर बाहेरची कोरडी हवा ओढतो. बंद खोलीच्या मध्यभागी ठेवला की तासाभरात नुसती दमट वाफ होते. खिडकीला पक्की जाळी असेल तर ती काढायची परवानगी आत्ताच मागा. आणि उन्हाळ्यात कुलर दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी पितो, वरच्या पाण्याच्या हिशेबात तेही धरा.

*वीज.* तुमच्या घराला महावितरणचं स्वतंत्र मीटर आहे की मालकांच्या मीटरवरून सबमीटर? स्वतंत्र असेल तर शेवटचं बिल मागा. त्यावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपमध्ये टाकला की थकबाकी दिसते. सबमीटर असेल तर युनिटचा दर आधीच ठरवून लिहून घ्या. घरगुती दर टप्प्यांचे असतात. १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, पुढे आणखी जास्त. मालकांचं आणि तुमचं मिळून एकच बिल असेल तर वरच्या टप्प्याचा भार कोणावर, हा प्रश्न येतोच. अंदाजासाठी, २०० वॉटचा कुलर रोज दहा तास चालला तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. दोन कुलरचे एकशेवीस. २००० वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो.

उरलेलं भराभर बघून घ्या. संडासात पाणी ओतून बघा, सगळी बटणं दाबा, दाराची कडी आतून नीट बसते का, गॅलरीत ओल आहे का, मोबाईलची रेंज आतल्या खोलीत मिळते का.

सावध: पहिल्या भेटीत टोकन देऊ नका. "दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" हे प्रत्येक घरात ऐकू येईल. एक रात्र जाऊ द्या. आणि घर प्रत्यक्ष न बघता, नुसते फोटो बघून फोनवरून पैसे तर मुळीच पाठवू नका.

४. बोलणी

घर पसंत पडलं तरी पसंती लगेच बोलून दाखवू नका. चौघांपैकी एकानंच बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. शक्यतो कोणाचे तरी वडील किंवा मामा सोबत न्या. मालक त्यांच्यासमोर जे कबूल करतात ते सहसा पाळतात.

विचारायचं ते असं: भाड्यात पाणीपट्टी, जिन्यातला दिवा, सफाई धरली आहे का? अनामत किती, आणि सोडताना त्यातून रंगाचे पैसे कापणार का? कापणार असतील तर किती, आकडाच ठरवा. भाडं वाढणार असेल तर कधी आणि किती? मटण-अंडी चालतात का? रात्री किती वाजेपर्यंत गेट उघडं? गेटची चावी मिळेल का? मालकांकडे खोलीची दुसरी चावी राहणार असेल तर न सांगता आत येणार नाही, हे स्पष्ट बोला. मुलींच्या बाबतीत या शेवटच्या गोष्टीवर अजिबात तडजोड करू नये, असं माझं ठाम मत आहे.

काही घरांत जात-धर्म विचारून नकार देतात. वाईट वाटतं, पण तिथे हुज्जत घालून मिळवलेल्या घरात वर्षभर सुखानं राहता येत नाही. खोटं आडनाव सांगून तर मुळीच राहू नका, करारात आधार लागतोच.

५. करार

स्टॅम्प पेपरवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारला की करार झाला, हा समज घट्ट बसलेला आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकांना हे शांतपणे सांगा. नोंदणी त्यांच्याही हिताची आहे हे पटलं की बहुतेक तयार होतात.

खर्चाची भीती वाटते म्हणून आकडाच मांडतो. महिना ८,००० भाडं, ११ महिने, अनामत १६,०००. एकूण भाडं ८८,०००, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज मिळवायचं आणि बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महानगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाईन नोंदणी आधार आणि अंगठ्यावर होते, त्यासाठी मदत करणाऱ्याचे पैसे वेगळे. चौघांत आणि मालकांत वाटलं तर माणशी काहीशेच येतात.

करारात चौघांची नावं घाला. एकाच्याच नावावर करार झाला तर तो सोडून गेल्यावर उरलेल्या तिघांना त्या घरात कागदोपत्री जागाच नसते, आणि अनामतही त्याच्याच हातात परत जाते. अठरा पूर्ण नसलेल्यानं सही करू नये, त्याच्या जागी आई-वडिलांनी करावी. सही करण्याआधी चार ओळी बोट ठेवून वाचा: भाडं आणि तारीख, अनामत आणि ती परत देण्याची मुदत, नोटीस किती दिवसांची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा. शेवटी घरातल्या वस्तूंची यादी जोडा. किती पंखे, किती ट्यूब, किती चाव्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं हेही मालकांचं काम. त्यासाठी फोटो आणि आधारची प्रत द्यावी लागते. प्रतीवर आडवं लिहा, "फक्त भाडेकरारासाठी", खाली तारीख. तीच प्रत पुढे सिम कार्डासाठी वापरली जाऊ नये म्हणून.

तपासा: शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्यांनी स्वाधार, स्वयंम अशा, बाहेर राहण्या-जेवण्यासाठी पैसे देणाऱ्या सरकारी योजनांची कागदपत्रांची यादी करार करण्याआधीच वाचावी. भाड्यानं राहत असल्याचा पुरावा लागतो, आणि करारात नाव नसेल तर ऐन वेळी धावपळ होते.

६. पैसे

करारावर सह्या झाल्यावर अनामत द्या, आधी नाही. रोख देऊ नका. यूपीआयनं किंवा बँकेतून पाठवा, शेऱ्यात "अनामत" लिहा. भाडं पाठवताना "जुलै भाडं" असा महिना टाका. चौघांचे पैसे एकाच्या खात्यात जमा होऊन तिथून मालकांना जावेत. चार जणांनी चार तारखांना पाठवलं की कोणाचे आले आणि कोणाचे राहिले, यातच मालकांचा आणि तुमचा वेळ जातो. रोखच हवे म्हणतात? मग पावती, निदान वहीत सही.

७. ताबा घेण्याचा दिवस

ही पायरी मी स्वतः एकदा गाळली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघं जिथे राहत होतो, तिथे न्हाणीघराबाहेरच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल होती. आम्ही आलो तेव्हापासून होती. खपली निघालेल्या त्या भिंतीत खिळा टिकत नव्हता, म्हणून टॉवेल दारावर वाळत घालायचो. सोडताना मालकांनी ती ओल आमच्या माथी मारून अनामतीतले दोन हजार कापले. आमच्याकडे एकही फोटो नव्हता, आणि दोन हजार म्हणजे तेव्हा माझ्या दोन महिन्यांच्या मेसचे पैसे होते.

म्हणून सामान आत न्यायच्या आधी, रिकाम्या घरात:

१) दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढा. ओल, तडा, फुटलेली काच, तुटलेला नळ यांचे जवळून वेगळे फोटो.
२) मीटरचा आकडा आणि मीटरचा नंबर एकाच फोटोत घ्या.
३) हे सगळं त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत साधी ओळ: "काका, आज ताबा घेतला, घराची आत्ताची स्थिती अशी आहे."
४) परवानगी घेऊन कुलूप बदला. आधीच्या भाडेकरूंकडे चावी राहिलेली असू शकते.
५) टाकीत डोकावून बघा. तळाला गाळ असेल तर ती आधी धुऊन घ्या.

८. सामान

सामान एकाच दिवशी चौघांनी आणू नका. पहिल्या दिवशी दोघं जाऊन झाडलोट, फिनेल, जाळ्या, संडास उरका. दुसऱ्या दिवशी छोटा हत्ती किंवा रिक्षा.

वर्गणी काढून वस्तू घेऊ नका, हा माझा आग्रहाचा सल्ला. चौघांनी मिळून घेतलेला कुलर शेवटी कोणाचा? त्यापेक्षा एकानं कुकर-तवा आणावा, दुसऱ्यानं ड्रम-बादल्या, तिसऱ्यानं कुलर, चौथ्यानं शेगडी. वापर सगळ्यांचा, मालकी एकाची, जाताना ज्याची वस्तू त्यानं न्यायची. किमतीत फरक पडला तर पहिल्या महिन्याच्या किराण्यात वळता करा. कुलर जुनाच घ्यायचा असेल तर थंडीत घ्या, एप्रिलमध्ये दुप्पट मागतात.

गॅसचं घरगुती कनेक्शन नसेल तर कंपनीच्या वितरकाकडे ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. बाजारात मोठ्या सिलिंडरमधून भरून देणाऱ्याकडून मात्र कधीही भरून घेऊ नका, जिवाशी खेळ आहे. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी ओट्यावर, रात्री रेग्युलेटर बंद. वास आला तर बटणाला हात न लावता खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा.

सावध: ड्रमना घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून, घासून, कोरडे करून भरायचे. कुलरच्या टाकीचंही तेच. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास होतात, आणि पाणी दिवसांनी येणाऱ्या गावात साठा तर ठेवावाच लागतो.

९. पहिला महिना

नळाचा दिवस कोणाचा, हे पाळीनं ठरवून दारामागे कागद चिकटवा. पहाटे पाचला उठून मोटार लावायची, ड्रम भरायचे, टाकी भरली की मोटार बंद करायची. एकाच्याच गळ्यात हे पडलं की दोन आठवड्यांत तो चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

खर्चासाठी एक वही किंवा फोनमधला ग्रुप ठेवा. किराणा, जार, सिलिंडर, झाडू, ज्यानं दिले त्यानं त्याच दिवशी लिहायचं. रविवारी बेरीज. दर शनिवारी गावी जाणारा सोमवारी आईनं दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन येतो, आणि ते सगळे मिळून खातात. म्हणून त्याच्या दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे कापायचे की नाही, यावर एकदाच काय ते बोलून घ्या.

महिनाअखेरीला मीटरचा आकडा स्वतः टिपा आणि बिलाशी ताडून पाहा. दुरुस्ती निघाली तर मालकांना तोंडी सांगा आणि लगेच मेसेजही टाका.

१०. एखादा सोडून गेला तर, आणि सगळेच सोडताना

एक जातो आणि नवा येतो तेव्हा नव्यानं अनामतीचा वाटा जाणाऱ्याला थेट द्यावा आणि दोघांनी मिळून मालकांना लेखी कळवावं. करारात नवं नाव घालून घ्यायला विसरू नका, पोलिसांकडची माहितीही नव्यानं द्यावी लागते.

घर सोडायचं असेल तर करारात ठरलेल्या मुदतीआधी मेसेजनं नोटीस द्या. शेवटच्या महिन्याचं भाडं अनामतीतून वळतं करा असं परस्पर ठरवून टाकू नका, मालक तयार असतील तरच. सामान हलवल्यावर घर झाडून घ्या, पहिल्या दिवशी काढला त्याच क्रमानं पुन्हा व्हिडिओ काढा, मीटरचा फोटो घ्या, शेवटचं बिल भरून पावती दाखवा. मालकांना घरात बोलावून जुना व्हिडिओ शेजारी धरून एकेक खोली दाखवा. कापायचं काही असेल तर रक्कम तिथेच ठरू द्या, उरलेले पैसे खात्यात आल्याचा मेसेज येऊ द्या, मग चावी हातात द्या.